तेवढा एक भाग सोडायचा कशाला?

ताई, नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यातले. घरात सासूबाई, मोठे भावजी आणि जाऊबाई, त्यांचा अकरावीतला मुलगा, माझे यजमान आणि मी. यंदा पावसाळा लागल्यापासून रात्री जेवणं आटोपली की आम्ही सगळे मिळून ‘लॉस्ट’ बघायला बसतो. भावजींनी ती कॉलेजात असताना पाहिली आहे. तेव्हा हॉस्टेलवर दर आठवड्याला एकेक भाग कुणीतरी आणायचं आणि सगळी पोरं एका कॉम्प्युटरसमोर गोळा व्हायची, असं ते सांगतात. तिसऱ्या सीझनचा चौदावा भाग आला तेव्हा त्यांनी रिमोट हातात घेतला आणि म्हणाले, “हा सोडून देऊया. अख्ख्या मालिकेतला सगळ्यात फालतू भाग. गोष्ट एक इंचभर पुढे सरकत नाही.” आणि थेट पंधरावा लावला.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भाग मी एकटीने फोनवर पाहिला आणि मला फार आवडला. रात्री जेवताना तसं बोलले, तर भावजी म्हणाले, “मग तुला मालिका कळलीच नाही.” सगळे हसले. आमचे हेसुद्धा. त्या दिवसापासून मी ओटा आवरायच्या निमित्ताने उशिरा जाऊन बसते आणि काही बोलत नाही. मोठ्या दिराशी वाद घालणं आमच्याकडे बरं दिसत नाही. आता पुतण्या हळूच विचारतोय, “काकू, मी बघू का तो?” त्याला काय सांगू? आणि तो भाग मला आवडला यात माझं काही चुकलं का? भावजी दशावताराचे भारी वेडे, जत्रेत पहाटेपर्यंत बसतात. म्हणजे माणूस रसिक आहे, म्हणूनच जास्त लागलं.

— एक वाचक, पेडणे

उत्तर:

पुतण्याला सांगा, बघ. पुढचे भाग बघितले असलेस तरी बघ. तुमचं काहीही चुकलेलं नाही. मला तो भाग मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक वाटतो, आणि का वाटतो ते आज सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला “आवडला बाई” एवढ्यावर थांबावं लागणार नाही. बाकीच्या वाचकांना आधीच सांगते: ज्यांनी ‘लॉस्ट’ पाहिली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबावं. पुढे त्या भागाची सगळी गुपितं आहेत.

ज्यांना मालिका आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशनिक ८१५ हे विमान एका बेटावर कोसळतं आणि वाचलेली माणसं तिथे अडकतात. २००४ ते २०१० अशी सहा सीझन ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर चालली. वाचलेल्यांतले पंधराएक लोक आपल्याला ठाऊक असतात आणि बाकीचे नुसते मागे वावरत असतात. तिसऱ्या सीझनमध्ये त्या मागच्यांतली दोन माणसं, निकी आणि पाउलो, अचानक पुढे येऊन बोलायला लागली. प्रेक्षकांना ती अजिबात आवडली नाहीत. ‘हे कोण, कुठून उपटले?’ असा सूर होता. निर्मात्यांनीही पुढे मुलाखतींत मान्य केलं की ही जोडी जमली नाही. २८ मार्च २००७ रोजी आलेल्या ‘एक्स्पोझे’ या भागात त्यांनी दोघांना संपवलं. तोच हा भाग.

आता भावजींचं म्हणणं घेऊ. “गोष्ट इंचभर पुढे सरकत नाही.” हे वस्तुस्थितीला धरून नाही, आणि हे तुम्ही आवाज न चढवता त्यांना दाखवून देऊ शकता. दुसऱ्या सीझनमध्ये वाचलेल्यांतल्या सनवर झालेला हल्ला आठवतो ना? जंगलात तिला कुणीतरी बांधून टाकलं होतं आणि सगळ्यांनी तो ‘अदर्स’चा, म्हणजे बेटावर आधीपासून राहणाऱ्या टोळीचा, हात मानला होता. तो हल्ला वाचलेल्यांतल्याच चार्लीने केला होता आणि डोकं सॉयरचं होतं. हे चार्ली सनसमोर कबूल करतो ते याच भागात. मग सन सॉयरच्या कानाखाली वाजवते. हे तुझ्या नवऱ्याला, जिनला, सांगणार का, असं तो विचारतो. ती म्हणते नाही, कारण मग आणखी एक खड्डा खणावा लागेल. तुमच्या घरात पंधरावा भाग थेट लागला, म्हणजे सगळ्यांच्या हातून हा हिशेब निसटला. सीझनभर तुंबलेली एक गोष्ट इथे मिटते, आणि ती मिटली हे तुमच्या घरी फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

दुसरं, पाचव्या भागातला तो संडासचा प्रसंग. जमिनीखालच्या ‘पर्ल’ स्टेशनमध्ये सगळी मंडळी गंभीर चेहऱ्याने काहीतरी शोधत असतात आणि पाउलो फ्लश ओढून बाहेर येतो. त्या वेळी लोकांना तो पांचट विनोद वाटला. चौदाव्या भागात कळतं की त्याने त्या टाकीत हिऱ्यांची पिशवी दडवली होती आणि तो ती काढायला गेला होता. नऊ भाग आधीचा पोरकट वाटलेला क्षण एकदम चोरीचा क्षण होतो. रहस्यमालिकेकडून आपण आणखी काय मागतो? कुठेतरी पेरलेलं कुठेतरी उगवावं एवढंच ना? ‘लॉस्ट’मध्ये पेरलेलं पुष्कळ उगवलंच नाही, हे तर मालिकेचे भक्तही कबूल करतील. इथे उगवलं, आणि ज्या भागात उगवलं तोच लोकांनी वगळायच्या यादीत टाकला.

त्याच स्टेशनमध्ये पाउलो एकदा लपून बसलेला असताना अदर्सचा म्होरक्या बेन आणि त्याच्यासोबतची ज्युलिएट येतात. वाचलेल्यांतल्या जॅक या डॉक्टरला कसं ताब्यात घ्यायचं याचा बेत तो त्यांच्या तोंडून ऐकतो. ऐकतो आणि किनाऱ्यावर येऊन एक शब्द बोलत नाही, कारण बोलला तर ‘तू तिथे काय करत होतास?’ हा प्रश्न येणार आणि हिरे उघडे पडणार. जॅक, केट आणि सॉयर पुढे पकडले गेले, त्यांचे जे हाल झाले, ते या माणसाने तोंड उघडलं असतं तर कदाचित टळलेही असते. ज्याला आपण ‘मागे उभा असलेला कुणीतरी’ समजत होतो, त्याच्या गप्प बसण्याने मुख्य माणसांचं नशीब फिरलं. हे गोष्टीच्या बाहेरचं कसं म्हणायचं?

पण खरं सांगू, हे सगळे मुद्दे वादापुरते. तो भाग मला धरून ठेवतो तो दुसऱ्याच कारणासाठी, आणि मला वाटतं तुम्हालाही त्याच कारणाने तो आवडला असावा.

शेवटून बघूया. निकी जंगलातून धडपडत येते आणि हर्ली आणि सॉयर पिंगपाँग खेळत असतात तिथे कोसळते. पडताना काहीतरी पुटपुटते. ऐकणारे त्याचा अर्थ ‘पाउलो लाइज’ असा लावतात, पाउलो खोटं बोलतो. ती म्हणत असते ‘पॅरलाइझ्ड’, लकवा मारलाय. मग जंगलात पाउलोही तसाच सापडतो. सगळे मिळून छडा लावायला बसतात: अदर्सनी मारलं असेल, सॉयरचा काही हात असेल. एकही तर्क खरा ठरत नाही. आणि सगळा वेळ ती दोघं जिवंत असतात. आर्झ्ट नावाच्या शिक्षकाने बरणीत पकडलेला कोळी निकीने हिऱ्यांसाठी पाउलोच्या अंगावर सोडला. त्याच जातीचे नर कोळी वासाने जमले आणि त्यांनी तिलाही चावलं. विष आठ तास शरीर लुळं करतं आणि श्वास इतका मंद होतो की माणूस मेल्यासारखा वाटतो. किनाऱ्यावरच्यांना यातलं काहीच माहीत नाही. ते खड्डा खणतात. हर्ली दोन शब्द बोलतो, अगदी मनापासून: आम्ही तुम्हाला नीटसं ओळखत नव्हतो, तुम्ही माझ्याशी नेहमी चांगलं वागलात, आणि ‘एक्स्पोझे’ ही तुझी मालिका मला फार आवडायची (निकी मालिकांतली नटी, भागाचं नाव तिच्या त्या मालिकेवरूनच). सॉयर आठ दशलक्ष डॉलर्सचे हिरे खड्ड्यात ओततो. माती पडायला लागते. निकीचे डोळे उघडतात. वरच्या कुणाच्याही लक्षात येत नाही. माती पडतच राहते.

या प्रसंगात दुष्ट कुणीच नाही, हे बघा. सगळ्यांनी रीतीप्रमाणे केलं. आंघोळ घालणारं, नाडी बघणारं, शेजारी रात्रभर बसणारं मात्र कुणी नव्हतं, कारण ती दोघं कुणाचीच नव्हती. आणि छावणीत त्या दिवशी डॉक्टरही नव्हता. जॅक अदर्सच्या ताब्यात होता, त्याला सोडवायला गेलेले सईद, केट आणि लॉकही तिकडेच. ज्यांच्यामागे कॅमेरा नेहमी फिरतो, ती कर्ती माणसं सगळी दुसऱ्या गोष्टीत गुंतलेली. मागे राहिलेल्यांनी जमेल तसं केलं आणि दोन जिवंत माणसांना पुरलं. मुख्य गोष्ट दुसरीकडे जोरात चालू असताना घरी काय होतं, ते हा भाग दाखवतो. असा भाग कधीतरी एकदा हवाच होता.

“हू द हेल इज निकी?” असं सॉयर विचारतो ना, ते प्रेक्षकांच्याच तोंडचं वाक्य आहे. लिहिणाऱ्यांनी ते जाणूनबुजून तिथे ठेवलं आहे. सुरुवातीलाच निकी म्हणते की मी फक्त पाहुणी कलाकार, आणि पाहुण्या कलाकारांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लोक म्हणत होते, या दोघांना काढा. लिहिणाऱ्यांनी काढलं, पण त्यांना कुणी ओळखत नाही याचीच त्यांनी गोष्ट केली आणि त्याच गोष्टीत त्यांना जिवंत पुरलं. प्रेक्षकांची मागणी पुरी झाली आणि घशाखाली मात्र उतरली नाही. निकी आणि पाउलो दोघंही चोर आहेत, खुनी आहेत. सिडनीत एका म्हाताऱ्या निर्मात्याला विष घालून त्यांनी हे हिरे मिळवलेले. तरी शेवटच्या मिनिटाला आपण पडद्याला ओरडून सांगतो, थांबा, तिचे डोळे बघा! ज्या दोघांचा आपल्याला वीट आला होता त्यांच्यासाठी चाळीसेक मिनिटांत आपल्याकडून एवढं करवून घेणं सोपं नाही.

आणि ती च्युइंगगमची जागा. मला ती फार आवडते. पाउलोने सिगारेट सोडलेली, निकोटीनचा गम चघळायची सवय. गम सामानाच्या बॅगेत होता, हिरेही त्याच बॅगेत, आणि बॅग सापडलीच नाही असं तो आठवडेच्या आठवडे तिला सांगत आलेला. एक दिवस तो तोंडात गम टाकतो आणि निकीला दिसतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, तिच्या चेहऱ्यावर फक्त हिशेब लागतो. पुढे तो तिला सांगतो की हिरे सापडले तर तू मला सोडून जाशील याची भीती वाटली. आठ दशलक्ष डॉलर्सची चोरी त्याने कशासाठी लपवली, तर बायको नसलेल्या बाईने आपल्याजवळ राहावं म्हणून. एका गमच्या वेष्टनावरून एवढं सगळं उघडं होतं. असं लिहायला हात लागतो.

तरी भावजींच्या रागाला कारण आहे, आणि तुम्ही ते समजून घेतलंत तर बोलणं सोपं जाईल. आधीचा तेरावा भाग आला २१ मार्चला. त्याच्या शेवटी दार उघडतं आणि आत लॉकचा बाप, ज्याने त्याला खिडकीतून ढकललं तो बाप, खुर्चीला बांधलेला! तिथे पडदा. आता हॉस्टेलवरच्या त्या पोरांचा विचार करा. आठ दिवस तर्क लढवून झालेले, नव्या भागासाठी सगळी एका खोलीत गोळा झालेली, आणि भाग सुरू होतो तर लॉक नाही, बाप नाही, आहेत निकी आणि पाउलो. शिवाय त्या सीझनमध्ये मालिका आधीच नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तीन महिने बंद होती. मालिका संपणार कधी हेही कुणाला ठाऊक नव्हतं, ते वाहिनीने मे २००७ मध्ये जाहीर केलं. हे लोक नुसती पानं भरताहेत, अशी शंका तेव्हा रास्त होती. भावजींची चिडचिड त्या आठवड्याची आहे. तुमच्या घरात मात्र पुढचा भाग एका बटणावर असतो, त्यामुळे ती वाट बघणं तुमच्या वाट्याला आलंच नाही. तो भाग पहिल्यांदाच थंड डोक्याने बघायची संधी मिळाली ती तुम्हाला.

त्या भागात खोटी नाणीही आहेत, ती मोकळेपणाने मान्य करा. कोळ्याच्या विषाची माहिती आर्झ्ट आधीच बसून समजावून देतो, ते फार सोयीचं आहे. जुन्या प्रसंगांत या दोघांना मागे उभं केलंय, तिथे शिवण दिसते. आधीचे तेरा भाग त्यांना नीट लिहिलं असतं तर हा भाग दुप्पट लागला असता, हेही खरंच. एवढं तुम्ही कबूल केलंत की “तुला मालिका कळलीच नाही” हे वाक्य भावजींना पुन्हा म्हणता येणार नाही.

आणि आता दशावतार. तुम्ही सहज लिहिलंत, पण मला तिथेच तुमच्या घरचा रस्ता सापडला. जत्रेत आख्यान लागायच्या आधी काय काय होतं ते भावजींइतकं कुणाला ठाऊक असणार? गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी, सरस्वती आणि मग तो काळ्या वेषातला संकासूर. त्याची आणि भटजीची मालवणी जुगलबंदी, मग विष्णूशी युद्ध आणि त्याचा वध. एवढा सगळा आडदशावतार होतो आणि नंतर आख्यान लागतं ते बहुधा वेगळ्याच राजाचं, वेगळ्याच कथेचं. संकासुराचा त्या राजाशी काडीचा संबंध नसतो. म्हणून कुणी मांडवातून उठून जातं? उलट लोक संकासुरासाठी लवकर येऊन पुढची जागा धरतात. तो येतो, आपली गोष्ट सुरू करून आपणच मिटवतो आणि जातो. खेळ त्याने भरतो, अडत नाही. भावजींना हा प्रश्न तुम्ही विचारा, वाद म्हणून नाही, माहितीसाठी: संकासुराशिवायचा काला, म्हणजे दशावताराचा खेळ, तुम्ही बघाल का? उत्तर त्यांनाच देऊ द्या. जाणत्या रसिकाला त्याच्याच आवडीच्या जागेवरून विचारलेला प्रश्न अपमान वाटत नाही. आणि मोठ्या दिराला प्रश्न विचारणं म्हणजे उलटून बोलणं नव्हे, हे सासूबाईंनाही पटेल.

त्याआधी मात्र यजमानांशी बोला, एकटे असताना. भावजींच्या बोलण्यापेक्षा सगळ्यांबरोबर तेही हसले, हे तुम्हाला जास्त लागलंय. तुमच्या पत्रात “आमचे हेसुद्धा” हे दोन शब्द वेगळे, मागून येतात. त्यांना ते बहुधा आठवतही नसेल. “तुम्ही हसलात ते मला बरं वाटलं नाही” एवढं सरळ सांगा. कारणं देत बसू नका, आणि मालिकेचा विषय त्यात आणू नका. त्यांनी तो भाग पाहिलेला नाही, म्हणजे न बघताच हसले. तेव्हा एखाद्या दुपारी त्यांना घेऊन तुम्ही तो पुन्हा बघा.

मग घरात प्रस्ताव मांडा, पण पूर्ण भागाचा नको. म्हणा, पुतण्याला बघायचाय, आपण फक्त शेवटची काही मिनिटं सगळे मिळून बघूया, चार्लीची कबुली कळायला हवी म्हणून. ही खरी गरज आहे, निमित्त नाही. नाहीतर सन आणि सॉयर यांच्यात काय झालं ते बाकीच्यांना कळणारच नाही. खड्ड्याचा प्रसंग एकदा पाहिला की जाऊबाई आपणहून विचारतील, ही इथवर आली कशी? तिथून तुम्ही सांगा. तुम्हाला गोष्ट येते, त्यांना येत नाही. भावजींनीही तो भाग त्या दिवसानंतर पुन्हा पाहिला नसणार.

पुतण्याला एक करायला सांगा. चौदावा लावण्याआधी पाचव्या भागातला तो फ्लशचा प्रसंग पुन्हा बघून घे म्हणावं, दोन मिनिटांचं काम. त्या वयात मुलांना आपण आधीच काहीतरी पकडलंय याचा आनंद मोठा असतो, आणि तो हे भावजींना सांगितल्याशिवाय राहणार नाही. बापाला पोराने सांगितलेलं तुमच्यापेक्षा लवकर पोचेल. त्यात वाईट वाटून घेऊ नका.

आणि ओटा सगळे उठल्यावर आवरा. आज रात्री पहिल्यापासून जाऊन बसा.